नाशिकमध्ये छोटं डॉग हॉस्टेल आणि ट्रेनिंग: जागा शोधण्यापासून पहिल्या दिवाळीपर्यंत

डॉग हॉस्टेल काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी जागा बघतात आणि मग तिथे किती पिंजरे मावतील ते मोजतात. मी हिशोब उलटा करायला सांगतो. रात्री दोन वाजता एका कुत्र्याला हगवण लागली, त्या आवाजाने बाकीचे उठून भुंकायला लागले, तर तुमच्याकडची माणसं किती जणांना नीट सांभाळू शकतील? एक पूर्णवेळ पगारी माणूस आणि घरातलं एक जण मदतीला असेल, तर माझ्या मते आठ कुत्री पुरे झाली. जागेत वीस मावत असली तरी आठच. जागा, बांधकाम, दर, दिवाळीचं बुकिंग या सगळ्याचे निर्णय या आकड्यावरून सोपे होत जातात.

जागा

गिऱ्हाईक शहरातूनच येतं. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा इथल्या फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबं गावाला किंवा परदेशी जाताना कुत्रा सोडतात. त्यांना गाडीने अर्ध्या तासात पोचता यावं, पण तुमच्या भिंतीला कुणाच्या घराची भिंत लागून नसावी. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावच्या मळ्यांकडे किंवा गोवर्धन-गिरणाऱ्याच्या बाजूला अशा जागा मिळतात. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव महापालिका हद्दीत येतात, तर गोवर्धन आणि गिरणारे ग्रामपंचायतीत. परवानगीसाठी कुठे जायचं ते यावरून ठरतं.

जागा पक्की करण्याआधी शेजाऱ्यांना भेटा. आठ कुत्री असली की भुंकणं होणारच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. तक्रार झाली तर कागदावर तुमची बाजू लंगडी पडते. शेजारी आधीपासून ओळखीचा असला तर तो पोलिसांऐवजी तुम्हाला फोन करतो.

द्राक्षबागेला लागून असलेली जागा बघायला सुंदर वाटते, पण तिथे दोन गोष्टी तपासा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात आणि ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्यावर कुठपर्यंत येतो हे बागाईतदारालाच माहीत असतं. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी फोन करा, अशी त्याला विनंती करून ठेवा. त्या दिवशी कुत्र्यांना मोकळं सोडायचं नाही आणि पाण्याची भांडी झाकायची. दुसरी गोष्ट खुद्द द्राक्षांची. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि किती मण्यांनी त्रास होईल याचा भरवसा नसतो. कुणाला थोड्याशा मण्यांनीही होतो. काढणीच्या दिवसांत बांधावर पडलेले घड लॅब्रॅडॉर दोन मिनिटांत संपवतो. बागेच्या बाजूचं कुंपण खालून बंद असायलाच हवं.

आणि बिबट्या. नाशिक, निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात ऊस आणि नदीकाठच्या झाडोऱ्यात बिबट्याचा वावर आहे, आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. गिरणाऱ्याकडे किंवा दारणा, गोदाकाठी जागा घेणार असाल तर रात्री एकही कुत्रा उघड्या रनमध्ये, म्हणजे कप्प्याबाहेरच्या मोकळ्या जागेत, ठेवू नका. रात्रीची खोली चारी बाजूंनी पक्की, वरून पत्रा किंवा जाड जाळी, दाराला बाहेरून कडी. सहा फुटांची भिंत बिबट्याला अडवत नाही. वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पाण्याचा अंदाज मे महिन्यात घ्या. पावसाळ्यात बघितलेली बोअर उन्हाळ्यात टँकरवर येते, आणि कप्पे रोज धुवावेच लागतात.

कागदपत्रं

हे लवकर उरकण्यासारखं आहे. एक-दोनच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. लोक अजूनही त्याला शॉप अ‍ॅक्टच म्हणतात. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, बँकेत चालू खातं उघडताना उपयोगी पडते. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागू होतो. शेतजमिनीवर पक्कं बांधकाम करून धंदा चालवायचा असेल तर अकृषिक परवानगीचा मुद्दा येतो. सातबारा घेऊन आधी तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत, किंवा महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, बोलून घ्या. भाड्याची जागा असेल तर करारात ‘श्वान निवास व प्रशिक्षण’ हा वापर स्पष्ट लिहून घ्या.

पिल्लं विकण्याचा जोडधंदा करू नका. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे त्यासाठी राज्य पशुकल्याण मंडळाकडे वेगळी नोंदणी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लस पूर्ण न झालेली पिल्लं आणि रोज बाहेरून येणारी कुत्री एका आवारात ठेवणं हेच मुळात धोक्याचं आहे.

बांधकाम

लॅब किंवा जर्मन शेफर्डसाठी आतला कप्पा निदान पाच फूट बाय सहा फूट आणि त्याला जोडून तेवढीच तरी बाहेरची जागा द्या. पग, शिट्झूला याहून कमी चालतं, पण सगळे कप्पे मोठ्या कुत्र्याच्या मापाचे केले की बुकिंग घेताना अडचण येत नाही. दोन कप्प्यांमधली भिंत चार फुटांपर्यंत भरीव विटांची आणि वर जाळी ठेवा. कुत्र्यांना एकमेकांकडे सतत बघत बसावं लागलं नाही की निम्मं भुंकणं तिथेच कमी होतं. समोरासमोर कप्पे काढू नका. एका ओळीत काढा, तोंडं मोकळ्या जागेकडे.

जमिनीला गुळगुळीत टाइल नको. ओल्या टाइलवर म्हातारी कुत्री घसरतात आणि कंबर धरून बसतात. खरबरीत कोबा करून त्याला मागच्या गटाराकडे स्पष्ट उतार द्या. भिंतीचा आणि जमिनीचा कोपरा सिमेंटने गोल करून घ्या, म्हणजे तिथे घाण साचत नाही. भिंतीला एकही भेग ठेवू नका. कारण पुढे गोचिडांच्या भागात येईल.

दुहेरी दार हा बांधकामातला सगळ्यात मोलाचा खर्च आहे. रस्त्याच्या गेटनंतर सहा-सात फुटांची बंद चौकट आणि मग आतलं गेट. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दुसऱ्याचं कुत्रं हरवण्यासारखं वाईट या धंद्यात दुसरं काही नाही, आणि ते बहुतेक वेळा गेटमधूनच हरवतं. नव्या जागी घाबरलेला कुत्रा मालकाच्या गाडीमागे धावत सुटतो आणि अनोळखी रस्त्यावर त्याला परत यायची वाटही माहीत नसते.

एक कप्पा बाकीच्यांपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बांधा. आजारी किंवा संशयित कुत्र्यासाठी तो कायम रिकामा ठेवायचा. दिवाळीत गिऱ्हाईक कितीही गळ घालो, तो भाड्याने द्यायचा नाही. त्याची भांडी, झाडू, चपलासुद्धा वेगळ्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा नुसता पत्रा म्हणजे भट्टी. पत्र्याखाली सीलिंग, वर पांढरा रंग, बाहेर शेडनेट, आणि शक्य असेल तर कूलर. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा अंशांच्या खाली जातं, निफाड-ओझरकडे तर अजून खाली. जमिनीपासून चार बोटं उंच लाकडी फळी किंवा कॉट आणि रात्री वारा अडवणारा ताडपत्रीचा पडदा एवढ्यावर भागतं. पावसाळ्यात फळी आठवड्यातून एकदा उन्हाला लावा, नाहीतर बुरशी धरते.

कुणाला घ्यायचं

फोनवर बुकिंग घेऊन थेट सामानासकट कुत्रा उतरवून घेऊ नका. आधी एक भेट, मग अर्धा दिवस राहणं, मग मुक्काम. या अर्ध्या दिवसात कुत्रा जेवतो का, दाराशी ओरबाडतो का, वाडग्याजवळ गेल्यावर गुरगुरतो का, हे कळतं. मालकाचं वर्णन ऐका, पण विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर ठेवा. ‘आमचा कुणाला काहीच करत नाही’ हे वाक्य मालक घरातल्या अनुभवावरून मनापासून बोलतात, आणि तुमचं आवार म्हणजे त्याचं घर नसतं.

लसीचं कार्ड हातात घेऊन तारखा वाचा. रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या संसर्गजन्य आजारांची एकत्र लस चालू वर्षाची हवी. केनेल कफची, म्हणजे एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत पसरणाऱ्या खोकल्याची, लस असली तर उत्तम, आणि ती येण्याच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. निदान एक-दोन आठवडे आधी दिलेली असावी. पिल्लांची लसमालिका साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. ती पूर्ण होईपर्यंत पिल्लू मुक्कामाला घेऊ नका, मालक कितीही अडलेला असो. माजावर आलेली कुत्रीही नको. तिच्या वासाने सगळं आवार पंधरा दिवस अस्वस्थ राहतं.

अर्जात नाव-पत्त्यापलीकडे या गोष्टी लिहून घ्या: नेहमीचे डॉक्टर, चालू औषधं, मालकाचा फोन लागला नाही तर निर्णय घेऊ शकणारा नाशिकमधलाच एक नातेवाईक, आणि तातडीच्या उपचारावर न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा. शस्त्रक्रियेला संमती हा वेगळा रकाना ठेवा. ठरलेल्या तारखेनंतर किती दिवस वाट बघून काय करणार तेही लिहा, कारण कुत्रा सोडून गायब होणारे मालक असतात. आत घेताना मालकासमोर वजन करा, चारी बाजूंनी फोटो काढा, कान आणि बोटांच्या बेचक्या तपासा.

रोजचा दिवस

सकाळी सहाला एकेकाला बाहेर काढणं, त्याच वेळी शी-शू बघून वहीत टिपणं. नंतर कप्पे धुणं, आठला खाणं. खाण्यानंतर तासभर तरी पळापळ नाही. दुपार पूर्ण विश्रांतीची. संध्याकाळी चारनंतर पुन्हा मोकळीक आणि ट्रेनिंग, सातला खाणं, दहाच्या आधी शेवटची फेरी.

खाणं घरचंच मागवा. ड्राय फूड असेल तर रोजचं माप करून पिशव्या, आणि चिकन-भात किंवा भाकरी-दही खाणारा असेल तर तेच शिजवून द्या. जागाही नवी आणि खाणंही नवं झालं की पोट बिघडणारच. पहिल्या दिवशी बरेच जण जेवत नाहीत. दुसऱ्या दिवशीही पूर्ण उपाशी राहिला तर मालकाला कळवा आणि डॉक्टरांशी बोला.

कुत्री एकत्र खेळायला सोडणं हा फार मोह पडणारा भाग आहे, व्हिडिओही छान निघतात. तरी एका वेळी दोन किंवा तीन, अंगाने सारखी, आधी ओळख करून दिलेली, आणि माणूस आत उभा असतानाच. खाणं किंवा खेळणं मधे नको.

आजार

सगळ्यात जास्त अभ्यास इथे करा. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि फिनेलने तो मरत नाही. आधी विष्ठा उचलून जागा साबणाच्या पाण्याने धुवायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. मग साधारण पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी तीस भाग असं मिश्रण निदान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. त्या वेळी कुत्रा तिथे नको. ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू माणसालाही घातक आहे.

आपल्याकडे हॉस्टेलची बदनामी पार्व्होपेक्षा गोचिडांनी जास्त होते. तपकिरी गोचीड रक्त पिऊन कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते आणि भेगेत हजारो अंडी घालते. भेगा बुजवायला सांगितल्या त्या यासाठी. तिच्यामुळे एर्लिकिया आणि बबेसिया हे ताप येतात. एर्लिकियाची लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे कुत्रा तुमच्याकडे ठणठणीत असतो आणि घरी गेल्यावर मरगळतो. मुक्कामाला येण्याआधी गोचिडांचं औषध, गोळी असो की थेंब, दिल्याचा पुरावा मागा. कप्प्यांच्या फटी दर आठवड्याला टॉर्चने बघा. अंगावर गोचिडी घेऊन आलेला कुत्रा आत घ्यायचा नाही.

पावसाळ्यात लेप्टोची काळजी. तो उंदरांच्या लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो, म्हणून खाण्याची पोती घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये आणि रात्री एकही वाडगा खरकटा नाही. कामावरच्या माणसांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची पूर्वलस देऊन ठेवा. कुत्रा चावलाच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि पूर्वलस झालेली असली तरी दवाखाना गाठायचा. हळद, चुना काही लावायचं नाही.

तातडीची तीन लक्षणं प्रत्येक कामगाराला पाठ हवीत. उन्हात जोरात धापणं, लाळ, लडखडणं: सावलीत नेऊन साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा, आणि दवाखान्याकडे निघा, पग आणि फ्रेंच बुलडॉगच्या बाबतीत तर दुपारी बाहेर काढूच नका. पोट ढोलासारखं फुगलेलं आणि ओकाऱ्या येऊनही काही बाहेर न पडणं: पोटाला पीळ पडलेला असू शकतो, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेनमध्ये जास्त, आणि शस्त्रक्रियेला हातात तासच असतात. थोबाड किंवा पाय अचानक सुजणं: सर्पदंशाचा संशय धरा, आवळपट्टी बांधू नका, चालवू नका, उचलून न्या. यासाठी रात्री उघडणारे दोन पशुवैद्यक आधीच भेटून पक्के करा आणि त्यांच्याकडे सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) असतं का ते विचारून ठेवा. गाडीची किल्ली रोज एकाच खिळ्यावर.

ट्रेनिंग

राहायला आलेल्या कुत्र्याचं ट्रेनिंग पहिल्या दिवशी सुरू करू नका. दोन दिवस त्याला जागा, वास आणि तुमचा आवाज ओळखू द्या. नंतर पाच-दहा मिनिटांचे तीन-चार धडे रोज, भूक असताना. रोजच्या खाण्यातला काही भाग बाजूला काढून तोच बक्षीस म्हणून वापरला की वजनही वाढत नाही. कुत्र्याने हवं ते केलं त्या क्षणी एकच ठरलेला शब्द, समजा ‘शाब्बास’, आणि लगेच घास. घास उशिरा दिला तर मधे केलेल्या कुठल्या तरी भलत्याच गोष्टीचं बक्षीस मिळतं.

क्रम असा ठेवा: नावाला वळून बघणं, बसणं, पट्टा न ओढता चालणं, थांबणं, आणि हाक मारल्यावर येणं. शेवटचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. हाक मारून जवळ बोलावल्यावर कधीही रागवायचं नाही, पुन्हा तो येणार नाही. शब्द घरात वापरतात तेच घ्या. अनेक घरांत आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो आणि बाबा हात दाखवतात. पहिल्या भेटीतच सगळ्यांना समोर बसवून एक शब्द ठरवून घ्या.

मारणं, काट्यांचा पट्टा, शॉक कॉलर यांना माझा ठाम विरोध आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मारहाण आणि आखूड साखळीला जास्त वेळ बांधून ठेवणं गुन्हा मानतो, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. गुरगुरल्यावर मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली घेणं, झोप नसताना जांभई या खुणा दिसल्या की धडा तिथेच सोपा करा. अचानक चिडका झालेला कुत्रा आधी डॉक्टरांना दाखवा. कान किंवा सांधे दुखत असतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि मळ्यांतून ‘अंगावर जाईल असा तयार करून द्या’ अशी मागणी येईल. नाही म्हणा. त्या कुत्र्याला चोर आणि शेजारचं पोर यातला फरक शिकवणं हे छोट्या केंद्राचं काम नाही. ‘एकवीस दिवसांत पूर्ण ट्रेन’ अशी हमीही देऊ नका.

ट्रेनिंगचा खरा विद्यार्थी मालक असतो. कुत्र्याला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप येत नाही. तुमच्या आवारात शहाणा बसणारा लॅब घरच्या लिफ्टमध्ये उड्या मारतो, आणि मालकाला वाटतं पैसे बुडाले. म्हणून फीमध्येच घरच्यांचे धडे धरा: मध्यावर एक, शेवटी दोन, आणि घरी गेल्यावर आठवड्याभरात त्यांच्या सोसायटीत जाऊन एक. घरचे येणार नसतील तर ट्रेनिंगचं काम घेऊ नका, नुसतं राहायला ठेवा.

दर

शेजारच्याचा दर बघून आपला लावू नका. समजा भाडं, पगार, वीज-पाणी, देखभाल मिळून महिन्याला ४८,००० रुपये खर्च आहे. आठ कप्पे, पण वर्षाची सरासरी बघता निम्मेच भरलेले धरा, म्हणजे महिन्याला १२० कुत्रा-दिवस. एका दिवसामागे ४०० रुपये झाले. त्यावर खाणं, औषधं, साफसफाई १२० धरली तर ५२० रुपयांना तुम्ही नुसते बरोबरीत आलात. तुमची स्वतःची मेहनत अजून धरलेलीच नाही. जून ते ऑगस्टमधले काही आठवडे जवळपास रिकामे जातात, ते डे-केअर आणि घरी जाऊन ट्रेनिंगने भरून काढा. बुकिंगला निम्मी रक्कम आगाऊ घ्या.

गर्दीचे दिवस

मे महिना, गणपती, दिवाळी, नाताळ ते नवं वर्ष हे हंगाम. २०२७ च्या सिंहस्थात आणखी एक येईल: घरी पाहुण्यांची रीघ लागली की कुत्रा हॉस्टेलला पाठवणारे वाढतील. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतात, २०१५ ला शहराने ते अनुभवलंय. त्या आठवड्यासाठी औषधं आणि खाणं आधीच भरून ठेवा, पोचण्यासारखा दवाखाना तुमच्या बाजूचा निवडा, आणि पर्वणीच्या दिवशी आणणं-नेणं ठेवू नका.

पहिल्या दिवाळीला आठऐवजी पाचच कुत्री घ्या. फटाक्यांच्या रात्री प्रत्येक घाबरलेल्या जिवापाशी माणूस लागतो. संध्याकाळची फेरी अंधाराआधी उरका, खिडक्या बंद करून पंखा आणि हळू आवाजात गाणी चालू ठेवा. भीतीवरचं औषध द्यायचं असेल तर ते मालकाने त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन दिवाळीआधी घरी एकदा देऊन बघितलेलं असावं. भाऊबीजेनंतर सगळे मालक एकाच संध्याकाळी गेटवर येतात. त्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा आधीच वाटून द्या. एका वेळी एकच कुत्रा बाहेर, पट्टा तुम्ही स्वतः अडकवलेला, मालक दुहेरी दाराच्या चौकटीत उभा. वजन पुन्हा करून वहीत लिहा, आणि पुढचे तीन आठवडे खाणं कमी झालं, ताप आला किंवा हिरड्या फिक्या दिसल्या तर रक्त तपासून घ्या, हे छापलेली चिठ्ठी हातात देऊन तोंडीही सांगा.